नाइसेचे दोन काठ

जर्मनीच्या नकाशावर पूर्वेकडे बोट सरकवत गेलं की अगदी शेवटी ग्योर्लित्स लागतं. त्याच्यापुढे नाइसे नदी आणि नदीपलीकडे पोलंड. नदी म्हणजे ऱ्हाइन किंवा डॅन्यूबसारखा पसारा नव्हे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बंधाऱ्याखालचे दगडगोटे उघडे पडतात. धडधाकट पोराने अलीकडून भिरकावलेला दगड पलीकडे जाऊन पडावा, एवढंच तिचं पात्र. शेकडो वर्षं ती गावातूनच वाहत होती. पश्चिमेला जुनं गाव, बाजार, चर्च, कचेऱ्या, पूर्वेला उपनगर. बायका या काठावरून त्या काठावर बाजाराला जात, पोरं शाळेला जात. १९४५ साली ती नदी देशाची हद्द झाली आणि पूर्वेचा काठ झ्गोझेलेत्स नावाचं पोलिश शहर झाला.

सीमेवरचं गाव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर देशाच्या टोकाला उभी असलेली वस्ती येते. ग्योर्लित्सचं तसं नाही. हे गाव सीमेवर वसलेलंच नव्हतं, सीमाच गावात आली. १०७१ सालच्या, राजा चौथा हेन्री याच्या काळातल्या एका दस्तऐवजात या जागेचा पहिला उल्लेख सापडतो. पुढे ती बोहेमियाच्या राजांकडे होती, १६३५ मध्ये सॅक्सनीकडे गेली, १८१५ मध्ये प्रशियाकडे, आणि महायुद्धानंतर जो काठ जर्मनीत उरला तो पुन्हा सॅक्सनीत आला. धनी बदलत गेले, पण तोवर दोन्ही काठांचा धनी एकच असायचा.

ड्रेस्डेनहून गाडीने निघालं की दीडेक तासात पोहोचता येतं. वाटेत बाउत्सेन लागतं. तिथे फलाटावर गावाचं नाव दोनदा लिहिलेलं दिसतं, एकदा जर्मनमध्ये आणि एकदा सोर्ब भाषेत. सोर्ब हे या लाउझित्स प्रांतातले स्लाव्ह लोक, भोवती सगळं जर्मन असताना आपली भाषा राखून असलेले. तो दुहेरी फलक पाहिला की मला बरं वाटतं. सीमा काढणाऱ्यांना वाटतं तेवढी माणसं सुटसुटीत वाटलेली कधीच नसतात, हे तिथपासूनच ध्यानात यायला लागतं.

ग्योर्लित्सवर महायुद्धात बॉम्ब जवळजवळ पडलेच नाहीत. ड्रेस्डेन जिथे राखेतून पुन्हा उभं करावं लागलं, तिथे हे गाव जसंच्या तसं राहिलं. चार हजारांच्या आसपास इमारती इथे वारसा म्हणून नोंदलेल्या आहेत. उंटरमार्क्ट म्हणजे खालच्या बाजारचौकात उभं राहिलं की पाचसहाशे वर्षांची घरं चहूबाजूंनी दिसतात. १५२६ सालचा श्योनहोफ तिथेच आहे. त्यात आता सायलेशियाच्या, म्हणजे आज बहुतेक पोलंडमध्ये असलेल्या जुन्या जर्मन प्रांताच्या, इतिहासाचं संग्रहालय आहे. नगरपालिकेच्या जुन्या इमारतीचा वळणदार दगडी जिना १५३७-३८ सालचा, वेंडेल रॉसकॉफ या गवंड्याच्या हातचा. गावाची ही चैन आली व्यापारातून. पश्चिमेकडून क्रॅकोवकडे जाणारा राजमार्ग, व्हिया रेजिया, याच चौकातून जायचा.

व्यापाऱ्यांची घरं मला फार आवडली. रस्त्यावरून अरुंद दिसतात, पण दारातून आत गेलं की मजल्यावर मजले चढवलेलं मोठं दालन, वरून उतरणारा उजेड आणि भोवती सज्जे. आपल्याकडच्या वाड्याच्या चौकाला छप्पर घातलं तर जसं दिसेल तसं. मालाने भरलेली गाडी सरळ आत यायची, खाली माल उतरायचा, वर मालक राहायचा, तळघरात बिअर मुरायची.

त्या मालात सगळ्यात महत्त्वाचा जिन्नस होता निळा रंग. वाइड नावाच्या वनस्पतीची पानं कुटून, गोळे करून, आंबवून तो काढत. थुरिंगियातून पूर्वेकडे जाणारा हा माल आधी ग्योर्लित्समध्ये उतरवून विक्रीला ठेवलाच पाहिजे, असा हक्क बोहेमियाच्या राजाने १३३९ साली गावाला दिला. त्या एका हक्कावर पिढ्यान्‌पिढ्या घरं उभी राहिली. मग सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून हिंदुस्थानची नीळ युरोपात यायला लागली. ती गडद होती, थोडी पुरायची आणि धुतली तरी जात नसे. जर्मन साम्राज्याने १५७७ साली तिला ‘सैतानी रंग’ ठरवून बंदी घातली, पण रंगाऱ्यांनी काही तिचा नाद सोडला नाही. नदीवरून पीटरकिर्श या चर्चकडे चढताना डाव्या हाताला उंच छपराचं दगडी वाइडहाउस दिसतं, जुनं रंगाचं कोठार. त्याच्या भिंतीला हात लावून मी थोडा वेळ उभी राहिले. गुजरातेतल्या कुठल्या तरी निळीच्या हौदात राबणाऱ्या माणसाला हे गाव ठाऊक असणं शक्य नव्हतं, आणि इथल्या व्यापाऱ्यालाही तो माणूस ठाऊक नव्हता.

पीटरकिर्शमध्ये एक ऑर्गन आहे. युजेनिओ कास्पारिनी या कारागिराने १७०३ साली पुरा केलेला. त्याच्या दर्शनी भागावर जागोजागी सूर्याचे मुखवटे आहेत आणि प्रत्येक सूर्याभोवती किरणांसारख्या नळ्या लावलेल्या आहेत. म्हणून त्याला सूर्य-ऑर्गन म्हणतात. दुपारी बाराला तो वाजवून दाखवतात तेव्हा गेलात, तर बघण्यापेक्षा डोळे मिटून ऐकलेला बरा.

पण या गावाचं माझं खरं नातं जुळलं ते घड्याळाशी. नगरपालिकेच्या मनोऱ्यावर एकाखाली एक दोन तबकड्या आहेत. खालच्या तबकडीच्या मध्यभागी एका माणसाचं डोकं आहे आणि मिनिटागणिक त्याचा खालचा जबडा उघडतो. पहिल्यांदा लक्षातच येत नाही. मग एकदा दिसलं की नजर हटत नाही, चौकातली लहान पोरं तर ‘आता, आता’ म्हणत बोट दाखवत उभी असतात. ही तबकडी बारा तासांची केली ती बार्थोलोमेउस स्कुल्टेटसने. हा गणिती, खगोलशास्त्रज्ञ, नकाशे काढणारा आणि गावाचा नगराध्यक्षसुद्धा. पोपने नवं ग्रेगोरियन कॅलेंडर आणलं तेव्हा बहुतेक प्रोटेस्टंट जर्मन मुलखाने ते धुडकावलं आणि १७०० सालापर्यंत जुनंच धरून ठेवलं. लाउझित्स प्रांत मात्र प्रोटेस्टंट असूनही १५८४ सालीच नव्या तारखांवर आला, आणि त्यामागे स्कुल्टेटसचा हात होता. पोपचं असलं तरी गणित बरोबर आहे ना, मग ते घ्यायचं, असा हा माणूस.

त्याच गावातून पूर्व रेखांश १५ जातो. १ एप्रिल १८९३ पासून सगळ्या जर्मनीचं घड्याळ या रेषेवरच्या वेळेला बांधलं गेलं, आणि आज माद्रिदपासून वॉर्सापर्यंत मध्य युरोपची जी प्रमाणवेळ चालते ती हीच. शहरसभागृहाजवळच्या बागेत त्या रेषेवर एक दगडी गोल बसवलेला आहे. जर्मनीत राहणारा प्रत्येक मराठी माणूस घरी फोन लावण्याआधी मनात हिशोब करतो: हिवाळ्यात साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. आईची दुपारची झोप झाली असेल का, बाबा फिरून आले असतील का. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशावरची. एका अंशाला चार मिनिटं, मधले साडेसदुसष्ट अंश, म्हणजे बरोबर साडेचार तास. इतकी वर्षं जो हिशोब मी रोज करते त्याचं एक टोक इथे, या बागेत आहे. मी तिथूनच आईला फोन लावला. तिला काही सांगितलं नाही, नेहमीसारखं जेवणाखाण्याचं बोललो.

मी उतरले होते ते घर नदीच्या बाजूच्या उतारावर होतं. मालकीणबाई पंचाहत्तरीच्या. सकाळी कॉफी ओतताना त्यांनी खिडकीतून पलीकडच्या काठावरचं एक घर दाखवलं. म्हणाल्या, “ते राखाडी छपराचं दिसतंय ना तुम्हाला? त्यात माझी आई वाढली.”

७ मे १९४५ ला, युद्ध संपायला एक दिवस उरला असताना, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने नाइसेवरचे पूल उडवले. जुन्या गावातला पूल गेला, आणि १८४७ मध्ये पुरा झालेला रेल्वेचा कमानींचा मोठा पूलही गेला. जूनमध्ये पूर्व काठावरच्या जर्मनांना घरं सोडायला लावली. हातात मावेल तेवढं घ्यायचं आणि निघायचं. ऑगस्टमध्ये पॉट्सडॅमला बसून अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत रशियाने ओडर आणि नाइसे या नद्यांच्या पूर्वेचा मुलूख पोलंडच्या ताब्यात दिला. नाइसे नावाच्या दोन नद्या आहेत. पूर्वेकडची नाइसे धरावी की पश्चिमेकडची, यावर आधी बराच वाद झाला होता. पूर्वेकडची धरली असती तर ग्योर्लित्स सीमेपासून कितीतरी आत, एक साधं मध्यम गाव म्हणून राहिलं असतं. स्टालिनने पश्चिमेकडची लावून धरली आणि तीच झाली.

मालकीणबाईंची आई तेव्हा विशीत होती. नदी ओलांडून अलीकडे आली आणि इथेच थांबली. सायलेशियातून पश्चिमेकडे ढकललेले हजारो लोक असेच काठावर थांबले होते. पुढे गेलो तर परत फिरायला उशीर होईल, आज ना उद्या जाऊ देतीलच, म्हणून. गावाची लोकसंख्या लाखावर गेली, खायला काही नव्हतं, आणि माणसं रोज नदीवर येऊन पलीकडे बघत. “आईने दुसऱ्या गावी जायचं नावच काढू दिलं नाही,” बाई म्हणाल्या. “वडील म्हणायचे, लाइपत्सिगला नोकरी आहे, चल. तर म्हणायची, तुम्ही जा.”

६ जुलै १९५० ला पूर्व जर्मनी आणि पोलंडने ही सीमा कायमची असल्याच्या करारावर सह्या केल्या, त्याही पलीकडे झ्गोझेलेत्समध्ये, जर्मनांनीच १९०२ साली बांधलेल्या घुमटाच्या सभागृहात. पूर्व जर्मनीत या हद्दीला ‘शांतीची सीमा’ म्हणायची सक्ती होती. निर्वासित हा शब्दही उच्चारायचा नसे, ‘स्थलांतरित’ म्हणायचं. मालकीणबाईंच्या घरात मात्र जेवताना पलीकडच्या घराचीच गोष्ट निघायची: बागेतलं पेरचं झाड, जिन्याची करकरणारी तिसरी पायरी, स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या चिनीमातीच्या बरण्या.

१ जानेवारी १९७२ पासून दोन्ही देशांत व्हिसाशिवाय जाता यायला लागलं. पहिल्या उबदार रविवारी माय-लेकी पलीकडे गेल्या. दार एका पोलिश बाईने उघडलं, आईच्याच वयाच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आईने नुसतं छपराकडे आणि मग स्वतःकडे बोट केलं. त्या बाईला असं कुणीतरी एक दिवस येणार हे माहीत असावं, कारण ती काही न विचारता बाजूला झाली आणि तिने आत घेतलं. कॉफी झाली. फळीवर बरण्या तशाच होत्या, जर्मन अक्षरांत नावं रंगवलेल्या: मीठ, साखर, रवा, जव. बाईला ती अक्षरं कधी वाचता आली नव्हती, म्हणून तिने साखरेच्या बरणीत मीठ ठेवलं होतं आणि मिठाच्या बरणीत साखर. सत्तावीस वर्षं. “आई हसली,” मालकीणबाई म्हणाल्या. “घराविषयी बोलताना मी तिला हसताना पहिल्यांदा बघितलं.” मग त्या पोलिश बाईने आतून एक फोटो आणला. लाकडी घर, पुढे विहीर, उभी चार माणसं. ते घर ल्वूफजवळच्या खेड्यातलं, आज युक्रेनमध्ये असलेलं. तिलाही १९४५ मध्येच ते सोडायला लागलं होतं.

या गावात कितीही वास्तू बघितल्या तरी मला सगळ्यात मोठी वाटली ती ही गोष्ट. पोलंडचा पूर्वेकडचा मुलूख सोव्हिएत संघाने घेतला आणि तिथल्या पोलिश लोकांना गाड्यांत भरून पश्चिमेला, जर्मनांनी रिकाम्या केलेल्या घरांत आणून उतरवलं. त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी वर्षानुवर्षं सामान पुरतं सोडलं नाही, जर्मन परत येतील आणि आपल्याला पुन्हा उठावं लागेल म्हणून. म्हणजे नदीच्या एका काठावर परत जायची वाट बघणारी माणसं, आणि दुसऱ्या काठावर ती परत येतील म्हणून धास्तावलेली माणसं. दोघांचीही घरं सुटलेली. मोठमोठ्या सत्तांनी नकाशावर ओढलेली रेघ अशी स्वयंपाकघरातल्या फळीपर्यंत येते, आणि तिथे मग माणसांनाच ती निभवावी लागते. विजेते आणि पराभूत हा हिशोब राजधान्यांमध्ये ठीक असेल. त्या स्वयंपाकघरात तो मला लागू करता येत नाही.

मी जुन्या गावातल्या पुलावरून पलीकडे गेले. हा पूल उडवल्यापासून जवळपास साठ वर्षं तिथे नुसतं पाणी होतं. पोलंड १ मे २००४ ला युरोपीय संघात आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हा नवा पूल खुला झाला, फक्त पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी. २१ डिसेंबर २००७ पासून पासपोर्ट तपासणंही थांबलं. पूल ओलांडायला दोन मिनिटंही लागत नाहीत. रस्त्याच्या पाट्या बदलतात, पैसे बदलतात, हॉटेलच्या पाटीवर पिएरोगी आणि झुरेक येतं. सिगारेटची दुकानं, पेट्रोल पंप, केस कापायची सलून जर्मन गिऱ्हाइकांनी भरलेली, कारण सगळंच स्वस्त. आणि त्याच वेळी पोलिश कुटुंबं ग्योर्लित्सच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेली, कारण भाडं परवडतं आणि पोरांना दोन्ही भाषा येतात.

झ्गोझेलेत्सच्या काठावरच्या रस्त्याला ग्रीकांचं नाव आहे. हे मला आधी ठाऊक नव्हतं. ग्रीसमधल्या यादवी युद्धात हरलेल्या बाजूची हजारो माणसं, त्यात पुष्कळ मुलं, १९४९ नंतर इथे आणून वसवली होती. रिकामी घरं होतीच. म्हणजे सायलेशियातल्या जर्मन गावात, ल्वूफकडून आलेल्या पोलिश लोकांच्या शेजारी, मॅसिडोनियाच्या डोंगरातले ग्रीक मेंढपाळ. बरेचसे पुढे मायदेशी परतले. काही राहिले, आणि त्यांच्यासोबत त्यांचं ऑर्थोडॉक्स चर्चही राहिलं.

पुलापासून जवळच याकोब ब्योमेचं घर आहे. हा चांभार. १५७५ साली जन्मला, नाइसेच्या पूर्व काठावर राहिला, जोडे शिवले आणि १६१२ साली ‘अरोरा’ नावाचा ग्रंथ लिहायला घेतला. टिनच्या ताटलीवर पडलेल्या उन्हाच्या तिरिपेतून त्याला सृष्टीचं अंतरंग दिसलं, असं सांगतात. गावचा मुख्य धर्मोपदेशक ग्रेगोर रिख्टर भडकला, हस्तलिखित जप्त झालं, लिहायला बंदी झाली. ब्योमे काही वर्षं गप्प बसला आणि मग पुन्हा लिहायला लागला. पुढे हेगेलने त्याला पहिला जर्मन तत्त्वज्ञ म्हटलं. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या तो काळ याच्यानंतर फार लांबचा नाही, आणि चांभाराने देवाविषयी बोलावं का हा प्रश्न रोहिदासांच्या मुलखातल्या माणसाला नवा नाही. आज ब्योमेचं घर पोलंडमध्ये आणि त्याची कबर जर्मनीत, ग्योर्लित्सच्या निकोलाय दफनभूमीत आहे. मेल्यावर तीनशे वर्षांनी तोसुद्धा दोन देशांत वाटला गेला.

पश्चिम काठावर परत आल्यावर एका इमारतीपाशी पाय थबकतात. ते सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १९११ साली पुरं झालेलं. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर सिनेगॉगं पेटवली गेली. इथेही आग लावली होती. पण इथल्या अग्निशमन दलाने ती विझवली. इतर ठिकाणी बंब नुसते उभे राहून बघत होते, शेजारच्या घरांना झळ लागू नये एवढंच त्यांचं काम होतं. इमारत वाचली. तिथे प्रार्थना करणारी माणसं मात्र वाचली नाहीत, किंवा वाचली ती परदेशी गेली. पुढची कित्येक वर्षं ती पडीक राहिली, छतातून पाणी गळत होतं. दुरुस्ती होऊन २०२१ च्या जुलैमध्ये ती सांस्कृतिक केंद्र म्हणून उघडली. घुमटाखाली सोनेरी रंगाचे सिंह पुन्हा रंगवलेत. मी त्यांच्याकडे मान वर करून बघत बसले आणि त्या रात्री पाण्याचा पाइप उघडणाऱ्या माणसांचा विचार करत राहिले. हुकूम पाळला नाही असं एक साधं काम, आणि त्याने एवढी मोठी वास्तू शिल्लक राहिली.

जुनं गाव आज इतकं देखणं दिसतं यामागेही असाच एक माणूस आहे. पूर्व जर्मनीच्या अखेरच्या वर्षांत इथली घरं अक्षरशः ढासळत होती. १९९५ पासून दर वर्षी गावाच्या खात्यावर दहा लाख मार्क जमा व्हायला लागले, युरो आल्यावर ५,११,५०० युरो. देणाऱ्याने नाव कळू दिलं नाही. २०१६ पर्यंत पैसे येत राहिले, एक कोटीहून जास्त युरो, आणि त्यातून शेकडो दर्शनी भिंती, दरवाजे, चर्चच्या खिडक्या दुरुस्त झाल्या. गावाने त्याला शोधायचा प्रयत्न केला नाही, ही गावाची सभ्यता.

तरीही घरं पुरती भरली नाहीत. १९९० नंतर कारखाने बंद पडले, तरुण पश्चिमेकडे गेले, एके काळचं लाखाचं गाव छप्पन्न हजारांच्या आसपास आलं. रेल्वेचे डबे बांधणारा इथला कारखाना १८४९ पासूनचा. जर्मनीभर धावणारे दुमजली डबे इथलेच. २०२५ च्या सुरुवातीला तो रणगाडे बनवणाऱ्या केएनडीएस कंपनीकडे द्यायचं ठरलं. कामगारांच्या नोकऱ्या टिकतील म्हणून गावाने सुस्कारा सोडला, आणि मला त्यांचा सुस्कारा समजतो. पण युक्रेनमध्ये युद्ध चालू असताना, याच गावाने डबे सोडून चिलखती गाड्यांचे भाग बनवावेत, हे वाचून माझ्या पोटात कालवलं.

सीमाही पुन्हा जाणवायला लागली आहे. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे पुलाच्या मधोमध कुंपण घातलं, आणि दोन काठांवर राहणारी माणसं जाळीच्या दोन बाजूंना उभी राहून बोलत होती. जूनमध्ये कुंपण निघालं, तेव्हा मध्यरात्री दोन्ही नगराध्यक्ष तिथे हजर होते. २०२३ च्या ऑक्टोबरपासून जर्मनीने आणि २०२५ च्या जुलैपासून पोलंडनेही पुन्हा तपासणी सुरू केली. पोलंडकडून येताना माझ्या पुढच्या बाईंनी पाव-लोण्याची पिशवी खाली ठेवून ओळखपत्र काढलं. रोज येणाऱ्या असाव्यात, पोलिसाने नावानेच हाक मारली. माझा भारतीय पासपोर्ट आणि राहण्याचं कार्ड मात्र त्याने उलटसुलट करून नीट बघितलं.

शेवटच्या दिवशी मी झ्गोझेलेत्सच्या दक्षिणेला, गावाबाहेरच्या झाडीत गेले. महायुद्धात इथे स्टालाग आठ-अ नावाची युद्धकैद्यांची छावणी होती. आधी पोलिश, मग फ्रेंच आणि बेल्जियन, मग सोव्हिएत, इटालियन. लाखाहून जास्त माणसं इथून गेली. सोव्हिएत कैद्यांची सगळ्यात जास्त हालअपेष्टा झाली, त्यांच्यापैकी हजारो इथेच गेले. आता बराकी नाहीत. जोत्यांचे चौकोन, माहितीचे फलक, बर्चची झाडं, आणि एक आधुनिक बांधणीचं स्मृतिकेंद्र आहे.

१९४० मध्ये या छावणीत ओलिव्हिए मेस्यां नावाचा एकतीस वर्षांचा फ्रेंच संगीतकार कैदी होता. कार्ल-आल्बर्ट ब्र्युल या जर्मन पहारेकऱ्याने त्याला नोटेशनचे कागद, पेन्सिली आणि बसायला निवांत जागा मिळवून दिली. कैद्यांमध्ये जी वाद्यं होती त्यांच्यासाठीच मेस्यांने लिहिलं: व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट आणि पियानो. पियानो इतका मोडका होता की काही पट्ट्या दाबल्यावर वर यायच्या नाहीत. १५ जानेवारी १९४१ ला, भर बर्फात, सत्ताविसाव्या बराकीत कैद्यांनी आणि पहिल्या रांगेत बसलेल्या जर्मन अधिकाऱ्यांनी ‘काळाच्या अंतासाठी’ ही त्याची चौघांची रचना ऐकली. क्लॅरिनेट वाजवणारा आँरी आकोका ज्यू होता. पुढे तो निसटला आणि वाचला.

हे सगळं जगाला ठाऊक आहे. मराठी माणसाने यातली एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी असं मला वाटतं. त्या रचनेच्या पहिल्या भागात पियानोची जी लय आहे, ती तीन तालांची जुळणी आहे: रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश. हे देशी ताल शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तले. शार्ङ्गदेव तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या दरबारी होता, हिशोबाचं खातं सांभाळायचा आणि त्यातून वेळ काढून त्याने संगीताचा हा ग्रंथ लिहिला. त्यातल्या तालाध्यायात त्याने १२० देशी तालांची यादी दिली आहे. ती एका फ्रेंच संगीतकोशातल्या लेखात छापली गेली, तरुण मेस्यांच्या हाती पडली आणि तिने त्याला वेड लावलं. भारतात न येता त्याने ते ताल कागदावरून आपलेसे केले.

त्या पहिल्या भागात लयीचं आवर्तन सतरा मात्रामूल्यांचं आहे आणि त्याच्यावर फिरणारं स्वरांच्या गुच्छांचं आवर्तन एकोणतीसचं. दोन्ही एकाच वेळी सुरू होतात आणि लगेच एकमेकांपासून सरकायला लागतात. पुन्हा एकत्र येण्याआधीच तो भाग संपतो. आपल्याकडच्या मैफलीत वाढलेला कान समेची वाट बघतो, तिहाई मोजतो, समेवर मान हलवायला तयार बसलेला असतो. इथे ती समच येत नाही. जिथे उद्याचा दिवस आपला असेल की नाही हे माहीत नव्हतं त्या बराकीत, देवगिरीच्या तालांनी बांधलेलं हे संगीत समेशिवाय सोडून द्यायचं मेस्यांने ठरवलं. मी झाडीत बसून ते हेडफोनवर ऐकलं आणि शार्ङ्गदेवाला हे सांगायला कुणीतरी हवं होतं असं मला फार वाटलं.

दर वर्षी १५ जानेवारीला त्याच जागी, स्मृतिकेंद्रात ही रचना वाजवतात. श्रोते दोन्ही काठांवरून येतात. लांबून येणाऱ्यांनी ग्योर्लित्सला मुक्काम ठेवावा. छावणीची जागा पुलापासून काही किलोमीटरवर आहे, तेवढं चालवतं, पण जानेवारीत वाटेवर बर्फ असतो, तेव्हा जोडे चांगले घाला. ओळखपत्र जवळ ठेवा, परतताना पुलावर लागेल. आणि तुमच्या ओळखीत तबला किंवा पखवाज वाजवणारं कुणी असेल, तर त्यांना बरोबर न्या. पहिल्या भागातला पियानो ऐकताना त्यांचा हात मांडीवर कुठे पडतो हे मला खरंच बघायचं आहे.